भगुलं घेऊन सूर्यामागं

भरमा, सूर्य होता.

हे वाक्य मी तुला निदान हजार वेळा ऐकवलं असेल. माझ्या हजाराचा भाव तुला ठाऊक आहे, त्यातली दोन शून्यं तू परस्पर पुसून टाकायचास. बरं, दहा वेळा म्हण. तवंदीच्या डोंगरावर पन्नाशी ओलांडलेले आपण तिघं भाताचं भगुलं काठीला अडकवून पळत होतो, तू उभ्या उभ्या चार घास खाल्लेस, आणि त्यातला शेवटचा घास तुझ्या तोंडात गेला तेव्हा पश्चिमेला सूर्य शिल्लक होता. मी बघितला. तू मानलं नाहीस. न मानताच गेलास. आता हे भांडण मी कुणाशी पुढं चालवू?

तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मला एका जागी बसवत नाही. वडगावात घरचे माग खडखडत असतात, धागा तुटून कापडाला भोक पडतं, आणि मी भलत्याच मागापुढं उभा असतो. गेल्या आठवड्यात स्कूटर काढून काकतीपर्यंत गेलो, तिथं कशाला आलो ते आठवेना म्हणून वळलो. घरात शिरलो, चपला काढल्या, पुन्हा घातल्या. बायको म्हणाली, "पायालाच चाकं लावून घ्या की. पेट्रोल तरी वाचंल."

तर तुला ठाऊक असलेलंच तुला पुन्हा सांगतो. कारण आता तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस, आणि ही सवलत मला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मिळाली आहे.

बसूची बस नसती तर आपण भेटलोच नसतो. बसाप्पा निपाणी-बेळगाव गाडीवर कंडक्टर, मी लुगड्यांचा गठ्ठा घेऊन चढलेला विणकर, आणि तू बोरगावचा जैन शेतकरी, मांडीवर वांग्यांचं पोतं. जागा एकच होती. संकेश्वर येईपर्यंत आपण भांडलो, हत्तरगीला पोत्यावर गठ्ठा ठेवून दोघं त्यावर टेकलो, आणि बेळगाव आलं तेव्हा वांगी निखाऱ्यात भाजायची की चुलीच्या जाळावर, यावर वाद पेटला होता. बसू म्हणाला, "इथं बसमधे कशाला भांडताय? डोंगराला जाऊन भाजून बघा की." तो आपल्याला कटवत होता. आपण ते मनावर घेतलं, आणि त्यालाही ओढून नेलं.

बसूचा मुलगा आता त्याला कॅम्पिंग म्हणतो. आपल्यासाठी ते नुसतं 'डोंगराला जाणं' होतं. तंबू म्हणजे माझ्या मागावरचं बाद झालेलं कापड. ते वाऱ्यानं इतकं फुगायचं, की एकदा बसूला उचलून पार कागलच्या हद्दीत नेऊन ठेवलं. मी हे सांगायला लागलो की तू शांतपणे म्हणायचास, "कागल न्हाई रं. करवंदीच्या जाळीत पडलाता." तीन धोंडे, एक भगुलं, एक तवा, मिठाची पुडी. भात तू शिजवायचास आणि तुझ्या भाताचा वास खाली हायवेपर्यंत जायचा. हुबळीकडचे लॉरीवाले घाटात ब्रेक मारून नाक वर करायचे. एक लॉरी तर अजून तिथंच उभी आहे. "टायर फुटलाता तिचा," तू म्हणायचास.

माझी प्रत्येक गोष्ट तू अशी कापून कापून माणसाच्या मापाची केलीस. लोकांना वाटायचं, तू माझी मजा घालवतोस. मला तेव्हाही माहीत होतं की तू कापणार आहेस, म्हणूनच मी एवढी लांब विणायचो.

मग एका चातुर्मासात तू महाराजांच्या पुढं हात जोडून नियम घेऊन आलास. सूर्य मावळला की अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. मी चिडलो. खरंच चिडलो, यात शून्यं पुसायची गरज नाही.

"मग डोंगराला येऊन करणार काय तू?"

"सैपाक करणार. तुमास्नी वाढणार. उजेडात मी बी खाणार."

"आणि रात्री?"

"रात्री तुजं ऐकत बसणार. त्यानंच पोट भरतंय."

बसू म्हणाला, "ह्याच्या गप्पा खाऊन अपचन होतंय, भरमाण्णा. त्यापेक्षा उपास बरा."

एवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. पण नियम घेतल्यापासून तुझा हातही हळू झाला. पाणी दुहेरी फडक्यातनं गाळायचं. जागा मोरपिसानं झाडायची, मगच धोंडे मांडायचे. आणि लाकूड चुलीत घालण्याआधी प्रत्येक काटकी जमिनीवर हलकेच आपटायची, आत कोण राहतंय का ते बघायला. दार वाजवल्यासारखी. घरमालक आला तर ते लाकूड बाजूला. म्हणजे एक नियम म्हणतो लवकर उरक, दुसरा म्हणतो सावकाश, जिवाला जप. दोन बैल दोन दिशांना तोंड करून जुंपलेत आणि मध्ये तू, तिसऱ्या दिशेला बघत शीळ घालतोयस.

त्या दिवशी असंच झालं. परतीच्या पावसानं लाकडं ओली होती. वारा लागू नये म्हणून आपण डोंगराच्या पूर्वेच्या कुशीत मुक्काम टाकला होता, म्हणजे ऊन तिथनं आधीच निघून जाणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आपल्या तिघांना कळलं नाही. त्यात तू एक बाभळीची फांदी आपटलीस आणि तीतनं मुंग्यांचं आख्खं बोरगाव बाहेर पडलं.

"अंडी घेऊन निघाल्यात रं," तू उकिडवा बसून म्हणालास. "थांबा जरा. जाऊ देत."

आपण थांबलो. मुंग्यांनी सामान हलवलं, म्हाताऱ्यांना पुढं घातलं, माझ्या मते वाटेत एक निवडणूकही उरकली. मग चूल पेटली, पेटली म्हणजे धुमसली, आणि बसूच्या डोळ्यांतनं इतकं पाणी आलं की भगुल्यात वेगळं घालायला नको होतं. भात काही शिजेना. झाकण काढून बघितलं तर तांदूळ तळाशी आपापल्या जागी, ओळख नसल्यासारखे. आणि डोंगराची सावली सरकत सरकत आपल्या चुलीवर आली, पलीकडच्या झाडांवर गेली.

तू मिठाची पुडी बांधून ठेवलीस. "राहू दे. तुमी जेवा सावकाश. मी निजतो."

"तू न्हाई तर मी बी न्हाई," मी म्हणालो.

"नानू उण्णंगिल्ल," बसूनं तेच कानडीत सांगितलं. तो कानडीत काही बोलला की ते पक्कं असतं, त्यावर अपील चालत नाही.

तू आमच्याकडं बघितलंस. तो चेहरा मला अजून दिसतो. तुला भूक नव्हती, रागही नव्हता. दोन माणसं तुझ्यामुळं उपाशी झोपणार, हा जिन्नस तुझ्या घशाखाली उतरत नव्हता. सकाळपासून कुणाच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

तेव्हा मी म्हणालो, "सूर्य मावळलाय कुटं? डोंगराआड गेलाय. वर हाय की त्यो."

त्यानंतर जे झालं ते मी आजवर इतक्या लग्नांत, बारशांत आणि बेळगावच्या कोर्टाबाहेरच्या इतक्या चहाच्या गाड्यांवर सांगितलंय, की त्यात एक डोंगर होता का तीन, हे मला थांबून आठवावं लागतं. एकच होता. भगुल्याच्या कड्यांतनं काठी घातली, एक टोक माझ्या खांद्यावर, एक बसूच्या. तू पुढं, एका हातात ताटली, दुसऱ्यात गाळलेल्या पाण्याचा तांब्या, फडकं झाकलेला, एक थेंब न सांडता. उकळतं पाणी झाकण उडवून माझ्या टाचेवर पडत होतं, त्यामुळं माझा वेग उत्तम होता. शेरडं घेऊन उतरणारा एक धनगर वाटेतनं बाजूला झाला.

"कुटं आग लागल्या व्हय?"

"भात शिजायचाय," बसू म्हणाला. धनगरानं शेरडं आणखी लांब हाकलली.

माथ्याच्या थोडं खाली बसूनं काठी सोडली आणि धोंड्यावर बसला. छातीचा भाता झाला होता त्याचा. मी खांद्यावरच्या पंच्यानं भगुलं धरून एकटाच वर आलो. आणि तिथं ऊन होतं, भरमा. पातळ, तांबूस, पण ऊन. आपल्या सावल्या मागं लांब पडल्या होत्या. तू हात धुतलेस, मी ताटलीत भात वाढला, अर्धाकच्चा, मधे कणी राहिलेला. त्यावर मीठ. पश्चिमेला तोंड करून तू उभ्यानं खाल्लंस. एक घास. दुसरा. तिसऱ्याला तुझी जीभ भाजली. चौथा घास तोंडात घातलास आणि सवयीनं डोळे मिटलेस, ओठांत णमोकार मंत्र चालू झाला.

त्याच क्षणी खालनं बसू ओरडला, "होत्त मुणगितु." सूर्य बुडाला.

तू डोळे उघडलेस तोवर खरंच काही नव्हतं. नुसती तांबडी रेघ. तू घास गिळला नव्हतास अजून, गालात तसाच धरून माझ्याकडं बघत होतास. "हुता," मी म्हणालो. "आत्ता हुता. तू डोळं मिटलास तवा हुता." तू गिळलास. काय करणार, थुंकलं असतंस तर अन्नाचा अपमान. मग तांब्यातलं पाणी न पिता तसंच ओतून टाकलंस, एका झुडपाच्या बुडात, बेतानं.

आता साक्षीदार दोन. एक बसाप्पा, ज्यानं सगळ्या नोकरीत सख्ख्या मेव्हण्यालाही फुकट बसू दिलं नाही. दुसरा मी. तू कुणाचं मानणार हे ठरलेलंच होतं.

"तुज्या सूर्याला लई पिल्ली हुत्यात रं," तू म्हणालास.

जन्मभर खोट्याला कुंची-टोपडं घालून नटवून मिरवलं, त्याचं मला काही वाटत नाही. तो माझा धंदा आहे, कापडापेक्षा बरा चालतो. पण एकदाच, फक्त एकदा, मी नागवं खरं बोललो, आणि तू त्यालाही माझंच पोर समजून परत पाठवलंस. मी म्हणालो, बसू खाली होता, त्याला दिसणार कसा? तू म्हणालास, "वकिली नको." मी म्हणालो, चल, पुढच्या वर्षी ह्याच दिवसांत येऊन मोजून बघू. त्यावर तू जे बोललास त्याला मला उत्तर सुचलं नाही. "असंल बी सूर्य. पर पळत जाऊन गाठलेला सूर्य आपला कसा?"

आणि स्वतःच निकाल देऊन टाकलास. महाराजांनाही विचारलं नाहीस. दर चतुर्दशीला निर्जळी उपास, काही वर्षं. या दिवाळीला नेम पुरा होणार होता. आपण नंतरही डोंगराला गेलो, हसलो, मी ही गोष्ट तुझ्यादेखत रंगवून सांगितली. माझा सूर्य पहिल्या वर्षी पुरणाच्या चाळणीएवढा होता, मग गाडीच्या चाकाएवढा झाला, शेवटी गुऱ्हाळाच्या काहिलीएवढा. तू पोट धरून हसायचास. आणि चतुर्दशी आली की घरी तुझं ताट पालथं.

उत्तर मला फार उशिरा सुचलं, यंदाच्या उन्हाळ्यात, मागाची कांडी बदलताना. तुला सांगायचं ठेवून दिलं. म्हटलं, डोंगरावर सांगू, चूल पेटली की. तसं काही घाईचं नव्हतं.

परवाच्या चतुर्दशीला मी बोरगावला आलो. काही ठरवून नाही, स्कूटर काढली आणि ह्या खेपेला ती काकतीवरनं मागं वळली नाही. उन्हं कलली होती, तुझ्या दारात तुझी सून सुजाता उभी होती. चहापाणी विचारायच्या आधी तिनं मला गोठ्याकडं ओढलं.

"काका, आत्या ऐकत न्हाईत." सासूला ती आत्या म्हणते, तुला मामा. "मामांचं राहिलेलं उपास त्यांनी आपल्याकडं घेतल्यात. साखर हाय अंगात. गेल्या चतुर्दशीला न्हाणीत पडल्या. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न न्हाई तर गोळी बी न्हाई, आणि पुन्ना असं झालं तर मला सांगायला येऊ नका. हे सांगून बघितलं, पोरांनी रडून बघितलं. म्हणत्यात, त्यांचा नेम अर्धा राहून चालायचा न्हाई."

"मी काय सांगू?"

"त्या दिवशी डोंगरावर तुमी हुतासा न्हवं?"

आत पद्मावैनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ कोरडे पडलेले, हात मांडीवर, बोटं थरथरत होती आणि ती दिसू नयेत म्हणून एका हातानं दुसरा धरलेला. मी बसलो. उठलो. पुन्हा बसलो.

"भावजी, आज गोष्ट नको," वैनी म्हणाल्या. "एवढंच सांगा. सूर्य हुता का?"

भरमा, माझ्या जिभेवर काहील आली. सवयच ती. काहील, तिच्यात उकळता रस, कडेनं ठिणग्या, सगळं तयार. मी ते सगळं गिळलं. तुझ्या चौथ्या घासापेक्षा जड गेलं.

"हुता."

"केवढा?"

"नखाएवढा, वैनी. कापून टाकल्याल्या नखाएवढा."

"तुमी तर काहिलीएवढा सांगतासा."

"ते लग्नात."

त्या हसल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या. माझ्या तोंडातनं एवढं लहान काही निघालेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"बसाप्पा म्हणत्यात, बुडालता."

"त्यो खाली धोंड्यावर बसलाता. दम लागलाता त्याला. त्याला माथा आडवा येत हुता."

वैनींनी दाराबाहेर बघितलं. पलीकडं तुझा ऊस उभा होता, सरीत आत्तापासूनच काळसर. "आमच्या उसात अंधार पडतोय तवा स्लॅबवर वाळत घातल्याल्या मिरच्यांवर ऊन असतंयच की," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "मग त्यांनी का धरलं मनात?"

"पळत जाऊन गाठला म्हणून. त्यो म्हणायचा, असला सूर्य आपला न्हवं."

"मग?"

आता इथं तुझ्यासाठी ठेवलेलं उत्तर मी त्यांना देऊन टाकलं. मला माफ कर किंवा करू नकोस, पण तू नव्हतास आणि त्यांची बोटं थरथरत होती. "वैनी, त्यो आपल्या पोटासाठी पळाला न्हाई. त्यो निजायलाच चालला हुता. आमी दोगं जेवत न्हाई म्हणालो, म्हणून पळाला. मुंग्या भाजू नयेत म्हणून जो चूल पेटवीत न्हाई, त्यो आमाला कसा उपाशी ठेवंल? त्यो चौथा घास त्याचा न्हवताच. आमचा हुता."

सुजाता दारात पदर तोंडाला लावून उभी.

"व्हय," वैनी म्हणाल्या. "घरात बी कुणी रुसून ताटावरनं उठलं की ह्यांचा हात थांबायचा." मग त्यांनी धरून ठेवलेला हात सोडला. "म्हणजे ह्यो उपास कशाचा, भावजी? मी जेवले न्हाई म्हणून ही पोरगी बी सकाळपासनं जेवली न्हाई. मला काय कळत न्हाई व्हय?" आणि सुनेला म्हणाल्या, "दोन ताटं कर गं. उजेड हाय तवर."

सुजाता पळालीच. भाकरी, वरण, दोडक्याची भाजी. वैनींनी हात धुतले. ताट पुढं आलं तरी पहिला घास मोडून तसाच हातात धरून बसल्या, आणि मला म्हणाल्या, "खरंच हुता न्हवं?"

"हुता."

त्यांनी मानलं, भरमा. तुझं तू बघ आता.

मी उठून दारात गेलो. ह्या खेपेला बसायचं नव्हतंच. उंबऱ्यावर, पश्चिमेकडं तोंड करून उभा राहिलो. उसाच्या शेंड्यांवर तो टेकत आला होता, ना चाळणीएवढा ना काहिलीएवढा, जेवढा असतो तेवढा. मी पापणी हलवली नाही. मागं ताटलीचा आवाज येत होता, भाकरी मोडल्याचा, सुनेनं ताक ओतल्याचा. वैनी घाईघाईनं चावत होत्या, ते मला पाठमोऱ्यालाही कळत होतं.

"सावकाश जेवा, वैनी," मी म्हणालो. "मी बघतोय. हाय अजून."